लाइट येते, नोड सुरू होतो, पण ब्लॉक जगाच्या मागेच राहतो: दोष घड्याळाचा

लक्षण असं. लाइट जाते, तास-दोन तासांनी येते. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (पुढे नुसता 'पाय') आपोआप सुरू होतो, त्यावरचा बिटकॉइन कोअर, म्हणजे बिटकॉइनची ब्लॉकांची साखळी तपासून जपणारा आपला नोड, सुरू होतो, आठ-दहा पिअर, म्हणजे जगातले दुसरे नोड, जोडले जातात. शेजारच्या बिटॅक्स या नवे ब्लॉक शोधणाऱ्या (मायनिंगच्या) छोट्या यंत्राच्या इवल्याशा पडद्यावर हॅशरेट (आकडेमोडीचा वेग) नेहमीसारखा दिसतो आणि शेअर (केलेल्या कामाचे पुरावे) मान्य होत राहतात. सगळं ठीक वाटतं. मग सहज म्हणून मोबाइलवर एखाद्या ब्लॉक एक्स्प्लोररमध्ये (साखळी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) ताजा ब्लॉक क्रमांक पाहिला, तर आपला नोड त्याच्या पाच-सात ब्लॉक मागे असतो. रीस्टार्ट केला की दोन-तीन ब्लॉक पुढे जातो आणि पुन्हा थबकतो. तासाभराने पाहावं तर सरकलेला असतो, पण मागे असायचा तेवढाच मागे.

बिटॅक्स मात्र तोपर्यंत त्या शिळ्या टोकावरच, म्हणजे साखळीच्या जुन्या शेवटच्या ब्लॉकवरच, काम करत असतो. माझ्याकडे तो स्वतःच्या नोडवर सोलो (एकट्याच्या) मायनिंगसाठी जोडलेला आहे. काम वाटणारा पूल हा प्रोग्रॅमही मीच त्या पायवर बसवलेला. पूल नोडला विचारतो, नोड शिळं टोक दाखवतो, पूल त्यावरचं काम बिटॅक्सला देतो आणि शेअर आला की मान्य करतो. यातला प्रत्येक जण आपलं काम चोख करतो आणि सगळी मेहनत वाया जाते. अशा छोट्या यंत्राला ब्लॉक सापडण्याची शक्यता अतिशय कमी आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. पण जी आहे ती खरी असावी, एवढ्यासाठी तर मी नोड चालवतो. शिळ्या टोकावर ती शक्यता शून्य होते, आणि पडद्यावर त्याचा मागमूसही दिसत नाही.

आमच्याकडे देवरुखला जूनपासून सप्टेंबरपर्यंत लाइट जाणं नित्याचं. त्यामुळे हा दोष मला पुन्हा पुन्हा भेटला. बरेच दिवस उलगडा झाला नाही, कारण तो दर वेळी यायचा नाही. एकदा लाइट जाऊन आली की काहीच नाही, दुसऱ्यांदाही नाही, तिसऱ्यांदा नोड मागे. मी एसएसडी बदलून पाहिली, केबल बदलली, पॉवर अडॅप्टर बदलला. त्यातलं काहीच बिघडलेलं नव्हतं.

(पुढे आज्ञांची आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच ती इंग्रजी अक्षरांत, लहान लिपीत द्यायची.)

पहिली तपासणी: साखळीलाच वेळ विचारा

नोडवर बिटकॉइन-सीएलआय गेटब्लॉकचेनइन्फो चालवा. त्यात 'टाइम' नावाचा आकडा दिसेल. तुमच्या नोडने स्वीकारलेल्या शेवटच्या ब्लॉकवरची ती वेळ असते, 1 जानेवारी 1970 पासूनच्या सेकंदांत. आता त्याच पायवर डेट ही आज्ञा 'अधिक टक्के एस' हा पर्याय देऊन चालवा. पायच्या स्वतःच्या घड्याळातले सेकंद मिळतील.

निरोगी नोडवर पायचा आकडा मोठा असतो. फरक सहसा काहीशे सेकंदांचा असतो, कारण ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो. माझ्याकडे ब्लॉकचा आकडा पायच्या आकड्यापेक्षा जवळजवळ सात हजारांनी मोठा होता. म्हणजे ज्या ब्लॉकवर माझा नोड उभा होता, तो त्याच्या हिशेबाने अजून दोन तासांनी यायचा होता. ब्लॉकची वेळ दोन-चार मिनिटं पुढे दिसली तर काळजी नको, मायनरांची घड्याळंही थोडी इकडेतिकडे असतात. पण फरक अर्ध्या तासाच्या वर गेला की तुमचं घड्याळ मागे पडलंय असं समजा. या तपासणीला बाहेरचा कुठलाही टाइम सर्व्हर लागत नाही, म्हणूनच ती सगळ्यात आधी करायची.

दुसरा पुरावा लॉगमध्ये सापडतो. डीबग लॉगमध्ये (नोडच्या नोंदवहीत) 'टाइम-टू-न्यू' शोधा. तो सापडला तर निदान पक्कं. 'पोटेन्शियल स्टेल टिप डिटेक्टेड' अशी ओळही दिसू शकते. बराच वेळ टोक हललं नाही की नोड ती लिहितो आणि आणखी एक पिअर शोधायला जातो. ही ओळ नेटवर्कच्या इतर बिघाडांतही येते, म्हणून तिच्यावर एकटीवर विसंबू नका.

दोन तासांचा नियम आणि त्याच्या दोन बाजू

बिटकॉइनच्या ब्लॉकचा मथळा फक्त 80 बाइटांचा असतो आणि त्यातले 4 बाइट वेळेचे. ती वेळ मायनर लिहितो. ती खरी आहे की नाही हे सांगणारा कुठलाही मध्यवर्ती सर्व्हर नाही, म्हणून प्रत्येक नोड दोन कसोट्या लावतो. एक, ब्लॉकची वेळ आधीच्या 11 ब्लॉकांच्या मध्यक वेळेच्या पुढची हवी. दोन, ती नोडच्या स्वतःच्या घड्याळापेक्षा दोन तासांहून, म्हणजे 7200 सेकंदांहून, जास्त पुढे नको. पहिली कसोटी साखळीच्या आत सुटते, तिला घड्याळ लागत नाही. दुसरी मात्र पूर्णपणे तुमच्या टेबलावरच्या यंत्राच्या घड्याळावर उभी आहे.

यातून दोन अगदी वेगळे बिघाड निघतात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

तुमचं घड्याळ मागे असेल, तर जगाचे खरे ब्लॉक तुम्हाला भविष्यातले वाटतात आणि तुम्ही ते नाकारता. समजा घड्याळ तीन तास मागे आहे. मग आत्ताचा ब्लॉक तीन तास पुढचा दिसतो आणि नाकारला जातो, पण तासाभरापूर्वीचा ब्लॉक बरोब्बर मर्यादेत बसतो. म्हणजे तुमचा नोड जगाच्या सुमारे एक तास मागे राहतो, साधारण सहा ब्लॉक. तुमचं घड्याळही पुढे चालत असतं, त्यामुळे नाकारलेले ब्लॉक थोड्या वेळाने चालण्याजोगे होतात. वेळेमुळे नाकारलेला ब्लॉक बिटकॉइन कोअर कायमचा बाद ठरवत नाही. म्हणून नोड मरत नाही, अडखळत सरकतो, पण टोकाला पोचत नाही. रीस्टार्ट केल्यावर दोन-तीन ब्लॉक पुढे जाण्याचं कोडंही यातच सुटतं. रीस्टार्टने काही दुरुस्त झालेलं नसतं, मधल्या काळात फक्त वेळ गेलेला असतो.

आणि घड्याळ दोन तासांहून कमीच मागे असेल, तर काहीच बिघडत नाही. नवा ब्लॉक रचताना कोअर तुमच्या घड्याळाची वेळ घेतो, आणि ती त्या 11 ब्लॉकांच्या मध्यकाच्या मागे असेल तर मध्यकाहून एक सेकंद पुढची वेळ टाकतो. ब्लॉक वैध राहतो. एक तास पन्नास मिनिटं मागे असलेलं घड्याळ घेऊनही मायनिंग निर्धोक चालतं. ही सवलत चांगली आहे, पण तिच्यामुळेच दोष बरेच दिवस लपून राहतो.

आता उलट बाजू. घड्याळ पुढे असेल, तर जगाचे ब्लॉक तुम्हाला जुने वाटतात आणि जुन्या ब्लॉकवर या नियमाचा आक्षेप नसतो. नोड टोकाला असतो, लॉग स्वच्छ असतो. पण तुम्ही रचलेल्या ब्लॉकवर पुढची वेळ पडते. दोन तासांहून जास्त पुढची असली तर सगळं जग तुमचा ब्लॉक नाकारतं. हा प्रकार मला जास्त भीतिदायक वाटतो, कारण ज्या दिवशी खरोखर ब्लॉक सापडेल त्याच दिवशी तो कळणार. त्यासाठी वरची सेकंदांची तुलना उलट दिशेनेही करून बघा. शेवटचा ब्लॉक आपल्या घड्याळाच्या कित्येक तास मागे दिसत असेल आणि एक्स्प्लोररवर तोच ताजा असेल, तर तुमचं घड्याळ पुढे गेलंय.

आधी बिटकॉइन कोअर थोडी मदत करायचा. तो पिअरांनी सांगितलेल्या वेळांचा मध्यक काढून आपल्या घड्याळात जास्तीत जास्त 70 मिनिटांपर्यंत दुरुस्ती करून घ्यायचा. 2024 मध्ये ब्लॉक तपासणीतून हा प्रकार काढून टाकला. पिअरांच्या सांगण्यावरून वेळ बदलणं हाच एक धोका होता, त्यामुळे निर्णय योग्यच होता असं माझं मत आहे. आता ब्लॉक तपासताना थेट यंत्राचं घड्याळ पाहिलं जातं आणि पिअरांपेक्षा 10 मिनिटांहून जास्त फरक दिसला तर इशारा मिळतो. तो गेटनेटवर्कइन्फोच्या 'वॉर्निंग्ज'मध्ये दिसतो. गेटपिअरइन्फोमध्ये प्रत्येक पिअरसमोर 'टाइमऑफसेट' (त्याच्या आणि आपल्या वेळेतला फरक) असतो. सगळ्या पिअरांचा ऑफसेट एकाच दिशेला साधारण सारखाच असेल, तर चूक त्यांची नाही.

मग माझं घड्याळ मागे का पडत होतं

रास्पबेरी पाय 4 मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. लाइट गेली की त्याचा वेळ थांबतो. यावर तोडगा म्हणून 'फेक-एचडब्ल्यूक्लॉक' नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. तो दर तासाला चालू वेळ कार्डावर लिहून ठेवतो आणि पाय सुरू झाला की तीच वेळ परत लावतो. पुढे इंटरनेट आलं की एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ जुळवण्याची पद्धत) खरी वेळ आणतं, असा सगळा बेत असतो.

माझ्याकडे एनटीपी वेळ आणतच नव्हतं. मध्यंतरी राउटर बदलला होता आणि नव्या राउटरच्या फायरवॉलमध्ये एनटीपीचा यूडीपी 123 हा पोर्ट बाहेर जाताना अडवलेला होता. घरात कुणाला काही जाणवलं नाही, कारण मोबाइल आपली वेळ टॉवरकडून घेतात.

आता हिशेब करा. संध्याकाळी 6 वाजून 50 मिनिटांनी लाइट गेली आणि 7:40 ला आली. पायवरच्या डेबियन लिनक्समध्ये तासागणिक कामं 17 व्या मिनिटाला होतात, म्हणजे कार्डावर शेवटची नोंद 6:17 ची. पाय 7:40 ला जागा होतो आणि 6:17 वाजलेत असं धरून चालतो. लाइट पन्नास मिनिटं गेली, घड्याळ एक तास तेवीस मिनिटं मागे पडलं. ब्लॉक मात्र व्यवस्थित येत राहतात, कारण दोन तास अजून भरलेले नाहीत. आठवड्याने पुन्हा लाइट जाते, यातच आणखी पाऊण-एक तास मिसळतो आणि मर्यादा ओलांडली जाते. नोड मागे पडतो. मी वैतागून हाताने वेळ लावतो, सगळं सुरळीत होतं आणि मागेपण शून्यापासून पुन्हा साठू लागतं. 'कधी होतं, कधी होत नाही' याचं कारण एवढंच होतं. दोष प्रत्येक वेळी घडत होता, दिसायचा तो फक्त दोन तास ओलांडले की.

हे कळायला मला एक साधा प्रयोग उपयोगी पडला आणि तो कुणीही करावा. पाय थोडा वेळ मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. हॉटस्पॉटवर घड्याळ मिनिटाभरात बरोबर झालं आणि घरच्या राउटरवर होत नसेल, तर पाय निर्दोष आहे. क्रोनी हा एनटीपीने वेळ जुळवणारा प्रोग्रॅम वापरत असाल तर क्रोनीसी सोर्सेस चालवून 'रीच'चा रकाना बघा. तिथे 377 असेल तर शेवटच्या आठही विचारण्यांना उत्तर आलंय (तो अष्टमान पद्धतीचा आकडा आहे). शून्य असेल तर एकही उत्तर आलेलं नाही. माझ्याकडे सगळ्या ओळींवर शून्य होता.

दुरुस्ती, ज्या क्रमाने मी केली

आधी नोड थांबवा, मग घड्याळ सुधारा. चालत्या नोडखाली घड्याळाला मोठी उडी मारली तर पिअर तुटू शकतात. ते पुन्हा जुळतात, पण लॉगमध्ये उगाच गोंधळ होतो आणि नंतर वाचताना आपलीच दिशाभूल होते.

राउटरच्या पानावर जाऊन बाहेर जाणारा यूडीपी 123 मोकळा केला. तुमच्या राउटरवर ही सोय नसेल किंवा सेवा देणाऱ्यानेच पोर्ट अडवला असेल, तर दोन वाटा आहेत. बरेच राउटर स्वतः वेळ घेऊन घरातल्या यंत्रांना देतात. ती सोय चालू करून पायला राउटरचाच पत्ता द्या. नाही तर एचटीपीडेट हा प्रोग्रॅम बसवा. तो संकेतस्थळांच्या उत्तरात येणारी तारीख-वेळ वाचतो आणि साध्या वेब पोर्टावरून काम करतो. एनटीपीइतकी बारीक वेळ तो देत नाही, पण बिटकॉइनला दोन तासांची मुभा आहे, तिथे सेकंदा-दोन सेकंदाची चूक क्षुल्लक आहे. काही जण एनटीएस म्हणजे सुरक्षित एनटीपी वापरायचा सल्ला देतात. एनटीएस चांगलंच आहे, पण किल्ल्यांची देवाणघेवाण दुसऱ्या पोर्टावर झाली तरी प्रत्यक्ष वेळ सहसा 123 वरूनच येते. पोर्ट अडलेला असेल तर त्याचा उपयोग नाही.

पायवर टाइमसिंकडी हा तसाच दुसरा प्रोग्रॅम होता, तो काढून क्रोनी बसवला. दोन्ही एकत्र ठेवू नका. एकाच घड्याळाचे काटे दोघे ओढायला लागले की आकडे मागेपुढे नाचतात. वर्च्युअल मशीनवर नोड असेल तर तिथे होस्टची साधनंही तिसरा हात घालतात, त्यातलं एकच चालू ठेवा. सर्व्हर किमान चार द्या. दोनच दिले आणि त्यांचं जमलं नाही, तर खोटा कोण हे क्रोनीला ठरवता येत नाही. मी भारतासाठीच्या एनटीपी पूलमधले सर्व्हर घेतले आणि सोबत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा एक. भारतीय प्रमाणवेळ हीच प्रयोगशाळा राखते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 ला काढलेल्या निर्देशांत सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या वगैरेंना आपली घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा याच प्रयोगशाळेच्या सर्व्हरांशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरांशी, जुळवायला सांगितलं आहे. मायनिंगचं काम कंपनी काढून करत असाल तर हे वाचून घ्या.

क्रोनीच्या फाइलमध्ये 'मेकस्टेप 1.0 3' ही ओळ असल्याची खात्री करा. सुरुवातीच्या तीन जुळवण्यांत फरक एक सेकंदाहून मोठा असेल तर थेट उडी मार, असा तिचा अर्थ. ती नसेल तर क्रोनी घड्याळ हळूहळू ओढत आणतो आणि तीन तासांचा फरक ओढायला फार वेळ लागतो. चालू असतानाच मोठा फरक पडला असेल तर क्रोनीसी मेकस्टेप ही आज्ञा हाताने द्या. जुना एनटीपीडी वापरणाऱ्यांसाठी आणखी एक खाच आहे. फरक 1000 सेकंदांहून मोठा दिसला तर तो घाबरून बंदच पडतो. सुरू करताना त्याला 'जी' पर्याय दिला तर पहिल्या वेळेपुरती ती मर्यादा उठते.

मग खऱ्या घड्याळाची सोय. डीएस3231 चिपचं छोटं मोड्यूल घेतलं आणि चार वायरींनी पायला जोडलं. या चिपमध्ये तापमानाची भरपाई करणारा क्रिस्टल आहे. 0 ते 40 अंशांत तिची चूक दहा लाखांत दोन भागांपर्यंत, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. कॉन्फिग डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये आय-टू-सी आरटीसीचा (बॅटरीवरच्या घड्याळाचा) ओव्हरले लावायचा, फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाकायचं आणि एकदा बरोबर वेळ चिपमध्ये लिहायची. पाय 5 मध्ये घड्याळ बोर्डावरच आहे, फक्त त्याची बॅटरी वेगळी जोडावी लागते.

मोड्यूल घेताना एक काळजी घ्या. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त मोड्यूलांपैकी अनेकांवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं. ते चार्ज होणाऱ्या एलआयआर2032 सेलसाठी आहे. त्यात आपण दुकानातून आणलेला साधा सीआर2032 टाकला आणि मोड्यूल 5 व्होल्टवर चालवलं, तर चार्ज न होणाऱ्या सेलमध्ये करंट जात राहतो. सेल फुगू शकतो. पायवर मोड्यूल 3.3 व्होल्टलाच जोडा. शक्य असेल तर त्या सर्किटचा रेझिस्टर काढून टाका. मी काढला. सोल्डरिंग जमत नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाला पाच मिनिटांत करून देतो.

शेवटी सुरू होण्याचा क्रम. बिटकॉइन कोअरच्या सिस्टमडी (लिनक्सवर सेवा सुरू करणारी व्यवस्था) फाइलमध्ये 'टाइम-सिंक डॉट टार्गेट'नंतर सुरू हो असं लिहिलं. नुसतं एवढ्याने मात्र काही होत नाही, आणि मीही इथे एक दिवस घालवला. ते टार्गेट खरंच थांबून राहावं यासाठी क्रोनी-वेट ही सेवा चालू करावी लागते (टाइमसिंकडी ठेवणार असाल तर टाइम-वेट-सिंक). थांबायला मर्यादाही ठेवा, नाहीतर इंटरनेट बंद असताना नोड सुरूच होणार नाही.

एक संदेश, ज्याला घाबरू नये

घड्याळ मागे गेलेल्या अवस्थेत कोअर सुरू करताना कधी कधी असा संदेश येतो की ब्लॉक डेटाबेसमध्ये भविष्यातला वाटणारा ब्लॉक आहे. संदेशात डेटाबेस नव्याने बांधण्याचा उल्लेख असतो आणि लोक तेवढंच वाचून रीइंडेक्स लावतात. पायवर त्यात दिवसचे दिवस जातात, एसएसडी झिजते आणि शेवटी तोच संदेश पुन्हा येऊ शकतो. त्याच संदेशात लिहिलेलं असतं की तारीख-वेळ बरोबर असल्याची खात्री असेल तरच हे करा. आधी घड्याळ बघा. मला आजवर दोनदा हा संदेश आला आणि दोन्ही वेळा घड्याळ सुधारल्यावर नोड मुकाट सुरू झाला.

साडेपाच तासांचा घोळ

हा खास आपल्याकडचा, म्हणून वेगळा सांगतो. माझ्या मावसभावाने सांगलीहून फोन केला, "दादा, माझा नोड तर टोकाला आहे, पण वॉर्निंग जात नाही." त्याचा फरक विचारला तर 19800 सेकंदांच्या आसपास. आकडा ऐकताच लक्षात आलं. 19800 सेकंद म्हणजे साडेपाच तास, आपली प्रमाणवेळ आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) यांच्यातलं अंतर.

झालं असं होतं की त्याच्या मशीनचा टाइमझोन यूटीसी होता. पडद्यावर वेळ मनगटावरच्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे दिसली, म्हणून त्याने डेट आज्ञेने ती 'दुरुस्त' केली. मुळात घड्याळ बरोबर होतं, दाखवण्याची पद्धत वेगळी होती. दुरुस्तीनंतर ते खरोखर साडेपाच तास पुढे गेलं. ब्लॉकवर टाइमझोन नसतो, तिथे फक्त सेकंद असतात. पडद्यावरची वेळ खटकत असेल तर टाइमझोन आशिया/कोलकाता करा, वेळेला हात लावू नका.

त्याच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर हाच घोळ आपोआप होतो. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स त्या घड्याळात यूटीसी आहे असं धरतं. विंडोज बंद करून लिनक्स लावलं की साडेपाच तास पुढे, उलट केलं की साडेपाच तास मागे. टाइमडेटसीटीएल चालवलं तर 'आरटीसी इन लोकल टीझेड' या ओळीत स्थिती कळते. तिथे 'नो' ठेवा आणि विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' 1 करा. दोघांचं एकमत होतं.

ग्राफिक कार्डांच्या रिगवर

रिग म्हणजे ग्राफिक कार्डं जोडून मायनिंग करणारा संगणक. इथे पहिला संशयित मदरबोर्डवरचा सेल. तो संपला की प्लग काढताच तारीख कित्येक वर्षं मागे जाते. विंडोजची वेळसेवा ती सुधारेल असं वाटतं, पण घरगुती मशीनवर ती मूळ मांडणीत 15 तासांपर्यंतचाच फरक दुरुस्त करते, त्याहून मोठा असेल तर नकार देते. शिवाय इतकी जुनी तारीख असली की पूलचं सुरक्षित कनेक्शनही जुळत नाही, कारण प्रमाणपत्र 'अजून लागू झालेलं नाही' असं दिसतं. लोक पूल बदलत बसतात. सेल बदला.

दुसरं कारण उष्णता. मदरबोर्डच्या घड्याळाचा क्रिस्टल सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि तो 25 अंशांच्या आसपास सगळ्यात नेमका असतो. तापमान त्याच्या वर गेलं की फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात तो मंदावतो. 60 अंशांवर दहा लाखांत सुमारे 42 भाग, म्हणजे दिवसाला साधारण साडेतीन सेकंद. बंद खोलीतल्या रिगला हे सहज लागू होतं. बिटकॉइनला याने फरक पडत नाही. इथेरियमच्या घराण्यातल्या साखळ्यांना पडतो. इथेरियमचं मायनिंग 15 सप्टेंबर 2022 ला थांबलं, पण इथेरियम क्लासिक अजून मायनिंगवर चालतं, आणि या घराण्यातल्या गेथसारख्या नोडमध्ये भविष्यातल्या ब्लॉकला मुभा दोन तासांची नाही, 15 सेकंदांची आहे. पिअर शोधण्याच्या संदेशांनाही काही सेकंदांचीच मुदत असते. घड्याळ अर्धा मिनिट सरकलं तर पिअरच मिळेनासे होतात. तिथे एनटीपी सतत चालू हवं.

अनेकांनी मिळून मायनिंग करायच्या मोठ्या पूलला जोडलेल्या एसिक (फक्त मायनिंगसाठी बनवलेल्या) यंत्रांबद्दल थोडक्यात. ब्लॉकची वेळ पूलच कामासोबत पाठवतो, यंत्र स्वतःचं घड्याळ त्यात वापरत नाही. तुमचे शेअर 'स्टेल' (शिळे) होत असतील तर घड्याळ सोडा आणि लाइनचा वेग बघा.

हा नियम सैल का करत नाहीत, असं मावसभावाने विचारलं होतं. दोन तासांऐवजी दिवसभराची मुभा दिली तर आपल्यासारख्यांची अडचणच मिटेल. पण बिटकॉइन दर 2016 ब्लॉकांनी किती वेळ गेला ते याच टाइमस्टॅम्पांवरून मोजतो, ते 12,09,600 सेकंदांशी ताडतो आणि कठीणपणा (ब्लॉक शोधणं किती अवघड) ठरवतो. वेळ हवी तशी लिहिता आली तर कठीणपणाही हवा तसा पाडता येतो. एप्रिल 2018 मध्ये व्हर्ज या नाण्यावर नेमकं हेच झालं. तिथे ब्लॉक 30 सेकंदांचे होते आणि मुभा तशीच दोन तासांची. हल्लेखोराने खोट्या वेळा लिहून पाच अल्गोरिदमांपैकी एकाचा कठीणपणा पाडला आणि भराभर ब्लॉक काढले. त्यामुळे मर्यादा कडकच बरी. घड्याळ आपण सांभाळायचं.

सगळं जोडून झाल्यावर मी खात्रीसाठी एका रविवारी पाय आणि राउटर दोन्हींचे प्लग मुद्दाम काढले आणि साडेतीन तास तसेच ठेवले. आधी फक्त पाय लावला, राउटर नाही. घड्याळ मोबाइलशी सेकंदाला सेकंद जुळलं. मग राउटर लावला. क्रोनीसी सोर्सेसमध्ये रीच 1, 3, 7 असा चढत 377 वर गेला आणि नोडने राहिलेले एकवीस ब्लॉक घेऊन एक्स्प्लोररवरचा क्रमांक गाठला. त्यानंतर या पावसाळ्यात लाइट नऊ वेळा गेली. लॉगमध्ये 'टाइम-टू-न्यू' एकदाही नाही.